अंगणातली पाखरं : कोंबड्यांची रात्र

दिवाळी सरली की दिवस आखडतो आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोखही बदलतो. उन्हाळ्यात सगळे विचारतात, कोंबड्या धापा का टाकतात. आता विचारतात, इतक्या लवकर का झोपतात, झाडावर का झोपतात, पहाटे साडेतीनला का ओरडतात. या अंकासाठी झोपेचीच सहा पत्रं निवडली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी डॉक्टर नाही. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे आणि चाळीस वर्षांत माझं अंगण कोंबड्यांवाचून कधी राहिलेलं नाही. सध्या सात कोंबड्या आहेत, एक कोंबडा आहे.

प्रश्न : आक्का, आम्ही पारोळ्याजवळ मळ्यात राहतो. पाच गावरान कोंबड्या आहेत. दिवाळीनंतर मिस्तरी लावून पक्कं खुराडं करून घेतलं. खाली फरशी, वरून पत्रा, पुढे लोखंडी दार. पण सांज झाली की सगळ्या शेवग्यावर चढतात. धरून कोंडल्या तर रात्रभर फडफड करतात. मिस्टर म्हणतात, राहू दे झाडावर. मला मात्र रानमांजराची आणि बिबट्याची धास्ती वाटते. काय करू?
एक वाचक भगिनी, पारोळा

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. फरशी आहे, पत्रा आहे, दार आहे. आत बसायला दांडी कुठे आहे? ती नसेल तर कोंबडीच्या लेखी ती झोपायची जागाच नव्हे. आपण पाहुण्याला चांगली खोली दिली आणि खाट टाकायची विसरलो, तसं झालं.

कोंबडी मुळात झाडावर झोपणारं पाखरू. तिचा पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. तो दिवसभर जमिनीवर उकरतो आणि रात्री फांदीवर जातो. आमच्याकडे डोंगरात त्याचा करडा भाऊबंद आहे, त्याचीही रीत तीच. ही सवय माणसाच्या अंगणात हजारो वर्षं राहूनही गेली नाही, कारण तिच्यामागे डोळ्यांचं कारण आहे. कोंबडीला दिवसा आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात, आपल्याला न दिसणारे अतिनील किरणसुद्धा तिला कळतात. पण अंधारात पाहणाऱ्या पेशी तिच्या डोळ्यांत कमी. सूर्य बुडाला की थोड्याच वेळात ती आंधळ्यासारखी होते. मांजर आलं तर पळायचं कुठे हे तिला दिसत नाही. म्हणून दिसतंय तोवर उंच जागा गाठायची आणि उजाडेपर्यंत हलायचं नाही, एवढाच तिच्याकडे उपाय आहे. तुमच्या कोंबड्या हट्ट करत नाहीत, जीव वाचवत आहेत.

आता दांडीचं सांगते. निंबाची किंवा बाभळीची फांदी घ्या, साल राहू द्या, काटे आणि गाठी तासून टाका. जाडी दीड ते दोन इंच. लोखंडी पाइप नको, तो थंडीत गार आणि उन्हाळ्यात तापतो. गुळगुळीत बांबूवरून पाय सरकतो. एका कोंबडीला वीतभर जागा धरा, पाच कोंबड्यांना चार फूट पुरते. जमिनीपासून दोन ते अडीच फूट उंची गावरानला ठीक आहे. गिरिराज, वनराज असल्या जड कोंबड्या असत्या तर दीड फुटावर जाऊ नका म्हटलं असतं, कारण रोज सकाळी उंचावरून दणकन उडी मारून त्यांच्या तळव्यांना गाठी येतात. दोन दांड्या लावणार असाल तर दोन्ही एकाच उंचीवर लावा. एक वर आणि एक खाली लावली की वरच्या दांडीसाठी रोज भांडण ठरलेलं.

हे भांडण तुम्ही कधी शांतपणे बसून पाहिलंय का? डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी माझ्या कोंबड्यांची चुळबुळ सुरू होते. पहिली चढते बुगडी, ती सगळ्यांत थोरली. भिंतीकडचा कोपरा तिचा. मग कापशी चढते आणि तिच्या शेजारी बसू पाहते, बुगडी तिच्या डोक्यावर एक टोच हाणते, कापशी दोन पावलं सरकते. मग दादरी, मग बाकीच्या. सगळ्यांत धाकटी टिकली शेवटी येते आणि दाराकडचं टोक घेते, जिथे वारा लागतो. दहा मिनिटं कुरकुर, ढकलाढकली, एखादी खाली पडते आणि पुन्हा चढते. मग एकदम शांत. कोंबड्यांत कोण कोणाला टोचू शकते याचा क्रम ठरलेला असतो, हे नॉर्वेच्या थोरलीफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२१ साली मांडलं. लहानपणापासून ते कोंबड्यांच्या वह्या लिहीत असत. मला तो क्रम सगळ्यांत स्वच्छ दिसतो तो तिन्हीसांजेला दांडीवर. म्हणून जागा कमी ठेवू नका. जिला जागा मिळत नाही, ती झाडावर जाते आणि मग तिच्यामागे बाकीच्याही जातात.

दांडी बसवली की आठ दिवस कोंबड्या खुराड्यातच ठेवा, दाणापाणी आतच. त्यानंतर सोडा, पण सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी मूठभर दादर ज्वारी खुराड्यात टाका. रात्रभर पोटाला आधार हवा म्हणून कोंबडी तशीही संध्याकाळी गलोल, म्हणजे गळ्याखालची अन्नाची पिशवी, भरून खाते, त्या भुकेचा उपयोग करून घ्यायचा. आणखी एक करा. खुराड्यात अगदी बारका दिवा पंधरा मिनिटं लावून ठेवा. बाहेर अंधारलं आणि आत उजेड दिसला की त्या आपोआप आत जातात. सगळ्या चढल्या की दिवा मालवा. एखादी तरीही शेवग्यावर बसली, तर पूर्ण अंधार होऊ द्या आणि मग हळूच उचलून दांडीवर ठेवा. अंधारात ती भांडत नाही. उजेडात पाठलाग करून धरू नका, त्यानेच ती खुराड्याला भ्यायला लागते.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, कारण ती चूक माझ्या हातून झाली. जुन्या खुराड्यात वर्षानुवर्षं झोपणाऱ्या माझ्या कोंबड्या एका भाद्रपदात अचानक आत जाईनाशा झाल्या. दाराशी येत, मान आत घालत आणि माघारी फिरत. मी त्यांना रोज काठीने हाकलत आत घातलं, दार लावलं आणि निजायला गेले. दहा-बारा दिवस असंच चाललं. एक तांबडी कोंबडी होती, तिचा तुरा पांढरट पडत गेला. मला वाटलं पावसाळी हवेने असेल. ती मेली. त्या रात्री अकराला मी बॅटरी घेऊन खुराडं उघडलं. दांडीचं टोक मातीच्या भिंतीत जिथे घुसवलं होतं, तिथल्या भेगेतून गोचिडांची रांग निघाली होती. चपटे, करडे, टरबुजाच्या बियांएवढे. दांडीवरून चालत ते कोंबड्यांच्या पायांवर चढत होते आणि त्या बिचाऱ्या अंधारात हलूही शकत नव्हत्या. हे गोचीड दिवसभर फटीत लपतात, रात्री रक्त पितात आणि उजाडायच्या आत परत जातात. दिवसा खुराडं झाडून काढणाऱ्या मला ते कधीच दिसले नाहीत. कोंबड्या मला दाराशी थांबून सांगत होत्या आणि मी काठी उगारत होते. इतकी वर्षं झाली, दाराशी थांबलेली कोंबडी पाहिली की मला ती तांबडी आठवते.

तुमचं खुराडं नवं आहे, त्यामुळे आज ही शक्यता कमी. पण पुढे कधी कोंबड्या एकदम आत जाईनाशा झाल्या तर आधी रात्री बॅटरी घेऊन दांडीची टोकं, पत्र्याचे सांधे, अंडी घालायच्या पेटीच्या फटी पाहा. बारीक तांबडे किडे असतील तर दांडीवरून पांढरं फडकं फिरवा, रक्ताचे ठिपके उमटतात. गोचीड खाण्यापिण्यावाचून महिनोन्महिने जगतो, त्यामुळे खुराडं चार दिवस रिकामं ठेवून काही साधत नाही. भेगा खरवडून चुन्याने बुजवा, दांड्या बाहेर काढून उकळतं पाणी ओता आणि औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच मारा. शेतात कपाशीवर फवारायचं उरलेलं औषध खुराड्यात मारू नका. त्याने कोंबड्याच मेल्याची घरं मी पाहिली आहेत.

पत्र्याबद्दलही बोलते. आता थंडी आहे, पण चैत्रात तो पत्रा असा तापेल की रात्री नऊपर्यंत आत भट्टी. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकूनच गार होते. आत्ताच पत्र्यावर कपाशीच्या पऱ्हाट्यांचा वीतभर थर रचून वरून गवत बांधून टाका. पत्र्याखाली दोन्ही बाजूंनी हातभर उंचीची जाळीची खिडकी ठेवा. जाळी अर्ध्या इंचाची हवी, मोठ्या भोकांतून मांजर पंजा घालतं. मुंगूस दिवसाचा चोर आहे, पण पहाटे लवकर निघतो, त्यासाठी दाराखाली दोन बोटांचीही फट राहू देऊ नका. बिबट्याची भीती आमच्याकडे यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यातही खरी आहे. शेवगा बिबट्याला तर अडवत नाहीच, मांजरालाही अडवत नाही. तेव्हा मिस्टरांना म्हणावं, झाडावरची झोप रानकोंबड्याला ठीक, आपल्याला दार लावलेलं बरं.

प्रश्न : आजी, आमची कोंबडी काठीवर झोपते तर ती झोपेत पडत कशी नाही? आणि माझा मित्र म्हणतो की ती एक डोळा उघडा ठेवून झोपते. खरं आहे का? मी सातवीत आहे.
एक विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : बाळा, दोन्ही प्रश्न फार चांगले आहेत आणि तुझा मित्र खरं बोलतो.

आधी पडण्याचं. उद्या कोंबडीला उचलून घे आणि तिचा पाय अलगद पोटाकडे दुमड. बोटं आपोआप मिटतात. पाय सरळ केलास की उघडतात. मांडीच्या स्नायूंपासून बोटांपर्यंत दोऱ्यांसारखे कंडरे गेलेले असतात. कोंबडी दांडीवर बसली की गुडघे-घोटे वाकतात, कंडरे ताणले जातात आणि बोटं दांडीला आवळतात. तिच्याच अंगाच्या वजनाने ती कुलूप लावून बसते, जोर लावावा लागत नाही. उठून उभी राहिली की कुलूप निघालं. म्हणूनच दांडी फार बारीक असू नये, तुझ्या वडिलांच्या अंगठ्याहून थोडी जाड असली की बोटांना नीट कवेत घेता येते.

आता डोळ्याचं. आपला सगळा मेंदू एकदम झोपतो. कोंबडीला अर्धा मेंदू झोपवता येतो. डावा डोळा मिटला की उजवी बाजू झोपते, उजवा मिटला की डावी. उघड्या डोळ्याची बाजू पहारा देते. मी एकदा थंडीत रात्री दहाला खुराड्याबाहेर स्टूल टाकून बसले होते, चांदणं होतं. दांडीच्या टोकाला टिकली होती. तिचा दाराकडचा डोळा अर्धा उघडा, पातळ पडदा मधूनमधून सरकायचा. आतल्या बाजूचा डोळा मात्र घट्ट मिटलेला. मधल्या कोंबड्यांनी तर माना पाठीवरच्या पिसांत खुपसल्या होत्या, त्यांचे दोन्ही डोळे बंद. त्यानंतर टोकावर बसणारीची मला जास्त काळजी वाटते. बाकीच्यांच्या वाटचं जागरण ती करते.

स्वप्नं पडतात का, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असेल. माणसाला ज्या झोपेत स्वप्नं पडतात तशी झोप पाखरांनाही लागते, पण काही सेकंदांपुरती, पुन्हा पुन्हा. त्या वेळी मान एकदम सैल पडते. ती पाहायची असेल तर बॅटरी डोळ्यांवर मारू नकोस, लाल कागद गुंडाळून लांबून पाहा.

प्रश्न : आम्ही भुसावळला कॉलनीत राहतो. मुलांच्या हौसेखातर दोन कोंबड्या आणि एक कोंबडा आणला. कोंबडा पहाटे साडेतीनपासून आरवतो. शेजारच्या काकांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय, त्यांची झोप मोडते. डालग्याखाली झाकून ठेवला तरी ऐकत नाही. काही उपाय?
एक वाचक, भुसावळ

उत्तर : भाऊ, आपल्या वाडवडिलांनी म्हणूनच ठेवलंय, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. ती म्हण माणसांसाठी आहे, पण कोंबड्यालाही ती तंतोतंत लागू पडते. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या त्सुयोशी शिम्मुरा आणि ताकाशी योशिमुरा यांनी २०१३ मध्ये हे तपासलं. कोंबड्यांना सतत एकसारख्या मंद उजेडात ठेवलं, बाहेर दिवस का रात्र काहीच कळणार नाही असं. तरीही ते रोज ठरल्या वेळी आरवत राहिले, कारण घड्याळ अंगात आहे. नेहमीसारखा दिवस-रात्र असताना ते उजेड होण्याच्या साधारण दोन तास आधीच सुरू होतात. त्याच मंडळींनी २०१५ मध्ये दाखवलं की अनेक कोंबडे एकत्र असले तर पहिला मान सगळ्यांत वरच्याचा, मग बाकीचे क्रमाने.

भुसावळला सध्या पावणेसात-सातला सूर्य उगवतो. त्या हिशेबाने तुमच्या कोंबड्याने पाचच्या आसपास सुरुवात करायला हवी. साडेतीन म्हणजे त्याला काहीतरी उठवतंय. आरवण्याला आतलं घड्याळ जसं कारण, तसाच बाहेरचा उजेड आणि दुसऱ्याचा आवाजही कारण होतो. घरासमोर पांढरा एलईडीचा खांब आहे का? पहाटे गाड्यांचे दिवे भिंतीवर फिरतात का? पलीकडच्या गल्लीत दुसरा कोंबडा आहे का? डालग्याच्या विणीतून उजेड सरळ आत जातो. खुराडं खांबाच्या उलट बाजूला घ्या, जाळीच्या खिडकीवर दुहेरी गोणपाट टाका, पण वारा खेळायला वर फट ठेवा. सकाळी सातपर्यंत दार उघडू नका. यातून साडेतीनचे पाच होतील.

पाचचे सात मात्र होणार नाहीत. बाजारात कोंबड्याच्या गळ्यात बांधायचे पट्टे मिळतात, ते लावू नका, श्वास कोंडतो. छत ठेंगणं केलं की मान ताणता येत नाही म्हणून आरवत नाही, असं कोणी सांगेल. मला ते मान्य नाही, जनावराला रोज वाकून उभं करायचं हे काही पाळणं नव्हे. तुमच्या जागी मी असते तर कोंबडा कोणाच्या मळ्यात देऊन टाकला असता. अंडी घालायला कोंबडा लागत नाही, फक्त पिल्लं हवी असतील तर लागतो. मुलांना वाईट वाटेल, त्यांना रविवारी भेटायला न्या. आजारी माणसाची झोप मोठी.

प्रश्न : थंडी सुरू झाल्यापासून आमच्या आठ कोंबड्यांची अंडी पाच-सहावरून दोनवर आली. दुकानदार म्हणाला, शंभरचा बल्ब रात्रभर चालू ठेवा. ठेवू का?
एक वाचक, धुळे

उत्तर : रात्रभर नको. अजिबात नको.

अंडं कमी होण्याचं कारण थंडीपेक्षा उजेड हे आहे. कोंबडीला उजेड डोळ्यांतून कळतोच, शिवाय कवटीच्या पातळ हाडातून तो आत जातो आणि मेंदूतल्या पेशींना कळतो. दिवस चौदा ते सोळा तासांचा असेल तर अंडी भरपूर. आपल्याकडे जूनअखेरीस दिवस सव्वातेरा तासांच्या पुढे जातो, सूर्य सव्वासातला मावळतो. डिसेंबरमध्ये तोच दिवस अकरा तासांच्याही आत येतो. एक अंडं तयार व्हायला चोवीस ते सव्वीस तास लागतात, त्यामुळे ते रोज थोडं उशिरा येतं आणि मग एक दिवस खंड पडतो. दिवस आखडला की हे खंड वाढतात. त्यातच याच दिवसांत बऱ्याच कोंबड्या पिसं टाकतात. नवी पिसं आणि अंडं, दोन्हींना प्रथिनं लागतात, शरीर पिसांना आधी देतं. खुराड्यात पिसं पडलेली दिसतात का पाहा. दिसत असतील तर बल्बने काही होणार नाही, खाण्यात शेंगदाण्याची पेंड वाढवा.

तरीही दिवा लावायचाच असेल तर पहाटे लावा, संध्याकाळी नको. संध्याकाळी दिवा चालू असला की कोंबड्या खाली हिंडत राहतात. बटण बंद केलं किंवा लाइट गेली की क्षणात काळोख. त्यांना दांडी दिसत नाही, जिथे असतील तिथे जमिनीवर बसतात, एकमेकींवर चढतात. निसर्गाची संध्याकाळ हळूहळू येते, त्यात चढायला आणि भांडण मिटवायला वेळ असतो. बटण तो वेळ देत नाही. पहाटे साडेचारला नऊ वॉटचा पिवळसर एलईडी लागला आणि उजाडल्यावर बंद केला, तर असं काही होत नाही. एकदम दोन तास वाढवू नका, दर आठवड्याला अर्धा तास वाढवा. रोज वेळ तीच हवी. वीस-बावीस आठवड्यांच्या आतल्या तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना, हा उजेड देऊ नका, अंग भरायच्या आत अंड्यावर आल्या तर पुढे त्रास होतो. आणि रात्री सलग आठ तास पूर्ण काळोख मिळालाच पाहिजे. काळोखातच मेंदूत झोपेचा रस, मेलाटोनिन, तयार होतो. ज्यांना तो मिळत नाही त्या चिडतात आणि एकमेकींची पिसं उपटतात.

मी स्वतः दिवा लावत नाही. माझ्याकडे अंडी विकायची नाहीत. मार्गशीर्ष-पौषात दोन अंडी आली तर आम्ही दोन खातो, संक्रांतीनंतर दिवस वाढला की कोंबड्या आपणहून सुरू होतात. तुमचा अंड्यांवर संसार चालत असेल तर गोष्ट वेगळी, तुमच्यावर मी माझं मत लादणार नाही.

प्रश्न : आमची कोंबडी खुडूक बसली आहे. आठ दिवस झाले, रात्री दांडीवर येतच नाही, पेटीतच बसते. झोपते तरी का?
एक वाचक भगिनी, शहादा

उत्तर : झोपते, काळजी नको. खाली अंडी असतील तर एकवीस दिवस ती अशीच उबवत बसणार. डुलक्या घेते, मधेच चोचीने अंडी उलटते, पुन्हा डोळे मिटते. दिवसातून एकदा उठून पंधरा-वीस मिनिटं खाते, पाणी पिते, मातीत लोळते आणि एक मोठी घाण वास येणारी विष्ठा टाकून परत येते. पेटीजवळच दाणापाणी ठेवा आणि तिला रात्री उजेडाने त्रास देऊ नका. खाली अंडी नसताना नुसतीच बसली असेल, तर रात्री अंधारात उचलून दांडीवर ठेवा आणि पेटी बंद करा. चार-पाच रात्री असं केलं की बहुधा खुडूक मोडते.

प्रश्न : आक्का, आमची एक कोंबडी भरदुपारीही डोळे मिटून बसते. माझी आई म्हणते, "म्हातारी शे ती, झोपू दे." तिला झोप येते की आजार आहे, हे कसं ओळखायचं?
एक वाचक, अमळनेर

उत्तर : आईंचं म्हणणं निम्मं बरोबर. दुपारी सगळ्याच कोंबड्या निवांत होतात. बारा ते तीनच्या मधे त्या सावलीत माती उडवत लोळतात, एक पंख पसरून आडव्या पडतात. नवख्याला वाटतं मेली. उन्हात पंख पसरून पडलेली कोंबडी बहुतेक वेळा मजेत असते. तुम्ही जवळ गेलात की ती डोळा उघडते, टाळी वाजवली की उठते.

आजारी कोंबडी निराळी दिसते. ती बाकीच्यांपासून लांब, एकटी बसते. अंग फुगवलेलं, मान आत ओढलेली, शेपटी खाली. दाणे टाकले तरी उठत नाही. तुरा फिका किंवा काळपट. तिन्हीसांजेला दांडीवर चढत नाही आणि खालीच कोपऱ्यात बसते. दांडीवर नेहमी चढणारी कोंबडी एका संध्याकाळी खाली राहिली, तर मी तीच रात्र धोक्याची समजते. लगेच वेगळी ठेवा, गलोल चाचपून पाहा. सकाळी उठल्या उठल्याही ती भरलेलीच असेल तर आतलं अन्न पुढे सरकत नाही, असं समजा. हिरवट पातळ हगवण, मान वाकडी होणं, पाय लुळे पडणं ही मानमोडीची लक्षणं, म्हणजे राणीखेत रोगाची. त्याला औषध नाही, लसच. एकाच दिवशी दोन-तीन कोंबड्या अचानक मेल्या तर त्या फेकू नका, कापू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आपल्या खान्देशानेच, नवापूरने, फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू पाहिला आहे, त्यामुळे लाजून लपवण्यात कुणाचंच भलं नाही.

मानमोडीच्या लशीचं विचारून घ्या. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात देतात, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी टोचतात. टोचायला जनावरांचे डॉक्टर किंवा पशुधन पर्यवेक्षक दिवसा येणार म्हणाले तर त्यांना अंधार पडल्यावर यायची विनंती करा. दिवसा कोंबड्या धरायला अख्खं घर धावतं, पंख मोडतात, उन्हात लसही खराब होते. माझ्याकडे येणारे भाऊ सात वाजता येतात. लस बर्फात ठेवलेली असते, मी मंद बॅटरी धरते आणि एकेक कोंबडी दांडीवरून उचलते. दोन्ही पंख अंगाशी धरून एक हात छातीखाली घालायचा, पाय लोंबकळू द्यायचे नाहीत. टोचून झालं की तिला परत तिच्याच जागी ठेवायचं, बुगडीला कोपऱ्यात, टिकलीला टोकाला. जागा चुकली तर सकाळी आधी भांडण.